साथ आणि सरकारचा लोकांवरचा विश्वास

साथ आली की येणाऱ्याला वेशीवर अडवायचं, ही सरकारांची जुनी रीत. १३७७ साली रागूसाने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना शहराबाहेर तीस दिवस थांबवलं. पुढे तिसाचे चाळीस झाले, आणि इटालियन भाषेतल्या चाळिसावरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द आला.

पुण्यात १८९७ मध्ये सरकार वेशीवर थांबलं नाही, थेट माजघरात शिरलं. त्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला आणि वॉल्टर रँड प्लेग समितीचा प्रमुख झाला. गोरे सोजीर घरोघर झडत्या घेऊ लागले. रोग्याला इस्पितळात नेत, घरच्यांना सेग्रिगेशन कॅम्पात. परिणाम व्हायचा तोच झाला. लोक आजारी माणसं लपवू लागले. जूनमध्ये चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकतो. पण शिपाई माणसांमागे धावत होते आणि प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी पसरत होता, हे शाळेत फारसं कुणी सांगत नाही. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमॉन यांनी ते कराचीत दाखवून दिलं १८९८ साली. त्याच वर्षी मुंबईत अशाच झडत्यांवरून दंगल झाली, आणि सरकार हळूहळू सक्तीवरून मागे आलं.

त्याच साथीत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले रोग्यांना मुलाच्या, डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आणत होत्या. १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगनेच गेल्या. रोग्याजवळ जायचं ते कशासाठी, याचं उत्तर त्यांच्याकडे होतं, रँडकडे नव्हतं.

सक्ती सोडली तर हातात उरतं काय? दक्षिण कोरियाला याचं उत्तर फार महागात सापडलं. २०१५ मध्ये तिथे मर्स या श्वसनरोगाची साथ आली, तेव्हा सरकारने रोगी कोणत्या रुग्णालयांत आहेत ते आधी सांगितलंच नाही. लोक घाबरतील म्हणून. लोक अजाणता त्याच रुग्णालयांत जात राहिले. १८६ जणांना लागण झाली, ३८ दगावले. त्यानंतर कायदा बदलला आणि माहिती उघड करणं हे सरकारचं कर्तव्य ठरलं. २०२० मध्ये कोरियाने देशभर टाळेबंदी न लावता चाचण्या आणि माहिती यांच्या बळावर करोनाची पहिली लाट थोपवली. त्यातही चूक झालीच. रुग्ण कुठे कुठे गेला हे इतकं बारकाईने जाहीर झालं की काहींना लोकांत तोंड दाखवणं अवघड झालं.

न्यूझीलंडने कडक टाळेबंदी लावली, पण ती का आणि किती, हे तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न वारंवार लोकांसमोर येऊन सांगत राहिल्या. स्वीडनने भर दिला सल्ल्यावर आणि लहान मुलांच्या शाळा सुरू ठेवल्या. तिथल्या वृद्धाश्रमांत मात्र माणसं फार गेली. म्हणजे नुसता विश्वासही पुरत नाही. आपल्याकडे २४ मार्च २०२० च्या रात्री आठला घोषणा झाली आणि बाराला देश बंद. त्या चार तासांत मजुरांनी काय करावं, हे कुणी सांगितलं नाही. मग ते मुंबई-पुण्याहून चालत निघाले. माझ्या मते, टाळेबंदीपेक्षा हे न सांगणं जास्त नडलं.

त्याच महिन्यात महाराष्ट्राने १८९७ चा तोच कायदा लागू केला होता. आदेश मोडणाऱ्याला शिक्षा आणि सद्हेतूने तो राबवणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण, दोन्ही त्यात आहेत. लोकांना खरी माहिती वेळेवर देण्याचं बंधन सरकारवर घालणारं कलम मात्र त्यात तेव्हाही नव्हतं, आणि २०२० च्या दुरुस्तीतही आलं नाही.