वाट पाहणारी चाल

कापडे सोडून आंबेनळी घाट चढायला लागलो आणि थोड्या वळणांतच गाड्यांची रांग लागलेली दिसली. पुढे दरड आली होती. जुलैचा पाऊस आणि धुकं असं, की समोरच्या टेम्पोचे लाल दिवे तेवढे दिसत होते. जेसीबी पोलादपूरहून निघालाय, असं कुणीतरी काचेशी वाकून सांगून गेलं. मी इंजिन बंद केलं.

मागच्या सीटवर पुतण्या मोबाइलवर माइनक्राफ्ट खेळत होता. नेटवर्क नव्हतं, पण त्याच्या खेळाला त्याची गरज नव्हती. बराच वेळ टपावरचा पाऊस आणि खेळातल्या खणण्याची टकटक, एवढेच आवाज. मग पियानोचे चार-पाच सूर आले, एकमेकांपासून लांब लांब, जणू कुणी दुसऱ्या खोलीत बसून आठवत आठवत वाजवतंय. पुतण्याने मान वर केली नाही, पण त्याचा हात मंदावला. खणणं सोडून तो त्या चौकोनी डोंगरावर नुसता चालायला लागला.

हे संगीत डॅनियल रोझेनफेल्ड या जर्मन संगीतकाराचं. ‘सी ४१८’ या नावाने तो ओळखला जातो आणि त्याचा ‘माइनक्राफ्ट – व्हॉल्यूम अल्फा’ हा संग्रह २०११ मध्ये आला. खेळात हे तुकडे सलग वाजत नाहीत. एक तुकडा संपला की कित्येक मिनिटं काहीच नाही, मग अचानक दुसरा. मला त्यातली ती रिकामी मिनिटंही संगीताचाच भाग वाटतात. गवयाने सूर लावून श्वास घेतला की सभागृहात जी शांतता होते, तिच्या जातीची ती शांतता आहे.

माझी खेळांतल्या संगीताशी ओळख मात्र फार गजबजलेल्या आवाजातून झाली. महाडला नव्वदच्या दशकात टीव्ही गेम दिवसाच्या भाड्याने मिळायचा. आम्ही सुट्टीत पैसे साठवून तो आणायचो. करडं यंत्र, दोन रिमोट आणि पिवळी कॅसेट. कॅसेट चालली नाही की काढून तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. लाइट गेली की सगळा डाव पहिल्यापासून. पडदा उजळायचा आणि ‘सुपर मारिओ’ची ती उड्या मारत येणारी धून आमच्या माजघरात शिरायची.

आई स्वयंपाकघरात असायची. तिने तो पडदा कधी नीट पाहिला नाही, पण खेळ तिला कानाने कळायचा. मारिओच्या घड्याळात शंभर उरले की इशाऱ्याचा एक छोटा तुकडा वाजतो आणि तीच धून दुगुणीत पळाल्यासारखी पळायला लागते. आई आतून ओरडायची, “अरे, पळ लवकर, वेळ संपली!” पाण्याखालचा टप्पा आला की ती काही बोलायची नाही. तिथली धून तीन मात्रांची आहे, डोलत जाणारी. ती भजनी मंडळात गायची, तिच्या कानाला तो दादराच वाटला असणार. पोळ्या लाटता लाटता तिची मान त्या लयीत हललेली मी पाहिली आहे.

या धुना करणारे कोजी कोंदो मूळचे नागोयाचे, आणि मारिओ १९८५ चा. त्या यंत्राच्या चिपमध्ये आवाज काढायला पाचच वाटा होत्या. दोन चालीसाठी आणि तिच्या जोडीच्या सुरांसाठी, एक खर्जासाठी, एक नुसत्या खरखरीची, जिच्यातून ताल काढायचा, आणि पाचवी छोट्या ध्वनिमुद्रित आवाजांसाठी. अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये मावत होता. आज फोनवरचा एक साधा फोटो याच्या कितीतरी पट जागा खातो. कोंदो यांनी आधी एक संथ धून केली होती, पण खेळ हातात घेतल्यावर ती मारिओच्या धावण्या-उड्यांशी जुळेना, म्हणून त्यांनी ती टाकून दिली.

मला ही गोष्ट कळली तेव्हा मराठीतला एक शब्द नव्याने ऐकू आला. आपण गाण्याच्या सुरावटीलाही चाल म्हणतो आणि माणसाच्या पावलांनाही चाल म्हणतो. कोंदोंची अडचण एवढीच होती, की या चालीला ती चाल जुळत नव्हती.

महाडला वीरेश्वराचा छबिना असतो तेव्हा गावोगावच्या पालख्या आणि सासणकाठ्या येतात, खालूबाजा वाजतो. सनई, ढोल, टिमकी, झांज, बस. लहानपणी मी वाजवणाऱ्यांकडे पाहत राहायचो, कारण ते आपल्या वाद्यांकडे पाहत नसत. त्यांची नजर काठी नाचवणाऱ्याच्या पायांवर असे. तो दमून एका जागी थबकला तर सनई तोच तुकडा पुन्हा घ्यायची, परत घ्यायची, जणू म्हणायची, सावकाश, आम्ही आहोत. त्याने काठी उचलली की ढोल वाढायचा. रेडिओवरचं गाणं माझ्यासाठी कधी थांबलं नाही. सिनेमातलंही नाही, मी डुलकी काढली तरी ते पुढे जातं. खालूबाजा थांबायचा, आणि पुढे टीव्ही गेममधली धून थांबायला लागली. मी त्याच खड्ड्यात दहा वेळा पडलो, तरी अकराव्या वेळी ती पहिल्या सुरापासून, तितक्याच उमेदीने सुरू व्हायची. माणसाच्या अपयशाला इतक्या धीराने साथ करणारं दुसरं ध्वनिमुद्रित संगीत मला माहीत नाही.

ही जात जुनी आहे. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये चारच उतरते सूर होते, पुन्हा पुन्हा येणारे. शत्रू कमी होत गेले की ते सूर जवळ जवळ यायचे आणि खेळणाऱ्याच्या छातीतले ठोकेही. विलंबितातून द्रुतात नेणं तिथे चार सुरांत झालं होतं.

घाटात पावसाळ्यात आलो की मला हटकून ‘काँट्रा’ आठवतो. त्याच्या तिसऱ्या टप्प्यात धबधब्याच्या कडेने वर चढत जायचं असतं, आणि संगीत मागून ढकलत असतं. दादा भराभर चढायचा. पडदा वर सरकला की खाली राहिलेला मी मरायचो. मी रडकुंडीला आलो की तो वरच्या दगडावर थांबून राहायचा, गोळ्या चुकवत, नुसता. ती धून तेव्हा कितीदा फिरून आली असेल, कोण जाणे. आजही काचेपलीकडे कड्यावरून पाणी कोसळताना दिसलं, की मला तीच ऐकू येते आणि वर थांबलेला दादा दिसतो. मागे बसलेला हा मुलगा त्याचाच.

२०२१ च्या जुलैत महाडात पुराचं पाणी शिरलं, तेव्हा आमचं खालचं घर पूर्ण बुडालं. चिखल काढताना माळ्यावरून पडलेल्या पेटाऱ्यात एक पिवळी कॅसेट निघाली, आम्ही दुकानात परत करायची राहून गेलेली. आईने ती भांड्यांबरोबर धुतली आणि उन्हात ठेवली. चालवायला यंत्र नव्हतं, पण तिने ती टाकू दिली नाही.

आता हे संगीत जपणारे मोठे लोकही झाले आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत २०२३ मध्ये मारिओची धून घेतली, २०२५ मध्ये माइनक्राफ्टचा संग्रह. इकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला, आपल्या भावाला शोधायला निघालेल्या डोंबारी मुलीचा खेळ. त्याचं संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं आहे. दुर्गा आणि विष्णू ज्या गोष्टीत बोलतात तिचे सूर ग्रीक माणसाने रचावेत, याचं मला काही वाटलं नाही. जपानी माणसाच्या धुनेने माझी आई डोलली होती. मला राजीच्या लढाईपेक्षा तिचं लढाई संपल्यावरचं एकटं चालणं जास्त आवडतं, तिथे संगीत तिच्या शेजारून चालतं. पण एक इच्छा मात्र तो खेळताना मनात घर करून बसली. कधीतरी एखाद्या खेळात खालूबाजा वाजावा. खेळणारा थबकला की सनईने तुकडा परत घ्यावा, आणि तो निघाला की ढोलाने उचलावं. आपल्या वाजवणाऱ्यांना ही कला शिकवावी लागणार नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या पायांकडे बघूनच वाजवत आले आहेत.

दीडेक तासाने पुढच्या वळणावर जेसीबीचा पिवळा दिवा फिरताना दिसला. गाड्या एकेक करून सुरू झाल्या. पुतण्याने मोबाइल बाजूला ठेवला. पियानो केव्हाच थांबला होता, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“मघाचं ते पुन्हा लाव ना,” मी म्हटलं.

“लावता येत नाही काका,” तो म्हणाला, “खेळत राहिलं की आपोआप लागतं.”

मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. टेम्पोचे लाल दिवे वाड्याच्या दिशेने हळूहळू वर सरकत होते.