पान पोटात, फूल वासापुरतं

संध्याकाळी सहा-साडेसहाला गॅलरीत या. मुलुंडला एप्रिलमध्ये या वेळी ऊन येऊरच्या डोंगरामागे उतरू लागलेलं असतं, ग्रिल मात्र अजून तापलेलंच. कुंडीतल्या मोगऱ्याकडे बघा. उमललेली फुलं नकोत. ज्या कळ्या टपोऱ्या, पांढऱ्याशुभ्र झाल्यात, आज रात्री फुलणार असं दिसतंय, त्या सात-आठ खुडा. स्टेशनबाहेरचा गजरा यासाठी घेऊ नका. त्यावर काय फवारलंय कोण जाणे, आणि गजरा माळावा, पिऊ नये.

कळ्या धुऊन पेलाभर थंड पाण्यात सोडा, वर झाकणी ठेवा. आता हाताला काही काम नाही. हेच अवघड असतं. फोन आत राहू द्या आणि जरा तिथेच टेका. चीनमध्ये मोगऱ्याचा चहा करणारे याच वेळेवर विसंबून असतात. कळ्या चहाच्या पानांत मिसळायच्या, रात्रभर त्या उमलत राहतात, पानं वास ओढून घेतात, मग फुलं चाळून बाजूला. आपल्याकडे माठात वाळा नि मोगरा टाकणाऱ्यांनी तरी दुसरं काय केलं? फुलानं वास द्यायचा आणि निघून जायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फुलं काढून टाका, पाण्यात थोडी खडीसाखर विरघळवा. मग माचाचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या पुडीचा, डबा उघडा.

इथे सगळं उलटं. जपानमध्ये तोडणीआधी साधारण तीन आठवडे चहाच्या झुडपांवर सावली धरतात. ऊन तुटलं की पान गडद हिरवं होतं, तुरटपणा कमी राहतो. ते वाफवायचं, वाळवायचं, देठ-शिरा काढायच्या आणि दगडी जात्यावर दळायचं. एका जात्यातून तासाभरात जेमतेम ३०-४० ग्रॅम पूड पडते. भिक्षू एइसाई ११९१ मध्ये चीनहून परतले, तेव्हा चहाचं बी आणि पूड घुसळून पिण्याची रीत सोबत घेऊन आले, असं मानतात. आपल्या रोजच्या चहाचा चोथा कुंडीत जातो. यात चोथाच नाही. पान अख्खं पोटात.

चहाच्या गाळणीतून चमचाभर, म्हणजे दोनेक ग्रॅम, पूड वाटीत चाळा. गाळणीला बोटानं टिचक्या मारा, घाई नको. गुठळी राहिली तर ती शेवटच्या घोटात दाताखाली येणार. पाण्याला उकळी आणून चार-पाच मिनिटं तसंच ठेवा. खळखळतं पाणी पूड कडू करतं. पाव वाटी ओता आणि फेटा. बांबूची कुंचली असली तर उत्तम, नाहीतर बॅटरीवरचा फ्रॉदर चालतो, पण मग हाताला काही कळत नाही. मनगट सैल. आधी मोठे बुडबुडे येतात, मग ते बारीक होत जातात, मग सायीसारखा हिरवा फेस धरतो.

फेटता फेटता एवढंच बघा: कालच्या दिवसातलं आपण अख्खं काय गिळलं? ऑफिसातलं एखादं टोचरं वाक्य बहुधा शिरांसकट. आणि जिन्यात शेजारच्या काकूंनी केलेली चौकशी? ती वासापुरतीही ठेवली नसेल. उत्तर सापडलंच पाहिजे असं नाही. मनगट चालू ठेवा.

उंच पेल्यात बर्फ, त्यावर मोगऱ्याचं पाणी पाव पेला, मग तापवून गार केलेलं दूध, आणि शेवटी माचा अगदी सावकाश. हिरव्या रेषा दुधात खाली उतरताना दिसतील. ढवळायच्या आधी एक घोट घ्या. नाकाला मोगरा आधी लागतो, पान मागाहून, जिभेच्या मुळाशी.

घरातलं कुणीतरी म्हणेलच, याला पालकाचा वास येतो. खोटं नाही ते. स्वस्तातली पूड असेल तर जास्तच येतो. त्यांच्या पेल्यात खडीसाखर थोडी वाढवा.