गुण आला म्हणजे काय?

‘औषधाचा गुण आला का?’ हे आपण सहज विचारतो. पण गुण येणं म्हणजे नेमकं काय? रोग हटणं, की रोगाशी झुंजताना माणसाचे हाल कमी होणं? नॅनोवैद्यकाने हा प्रश्न कायद्याच्या दारात नेऊन ठेवला आहे.

१९९५ साली अमेरिकेत ‘डॉक्सिल’ या कर्करोगावरच्या औषधाला मान्यता मिळाली. पहिल्या नॅनोऔषधाचा मान त्याला दिला जातो. त्यातलं डॉक्सोरुबिसिन जुनंच. फक्त ते सुमारे १०० नॅनोमीटरच्या मेदाच्या पिशवीत बंद केलेलं. जुन्या औषधाने हृदयाला इजा होण्याची मोठी भीती असे. पिशवीमुळे ती कमी झाली. मात्र तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास वाढला. औषधाने वाट बदलली, तशी त्रासानेही जागा बदलली.

आता कायदा पाहू. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(डी) नुसार ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने परिणामकारकता वाढत नसेल, तर त्यावर पेटंट मिळत नाही. या कलमाच्या स्पष्टीकरणात ‘कणांचा आकार’ असा थेट उल्लेख आहे. २०१३ साली नोव्हार्टिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधाची परिणामकारकता म्हणजे उपचारातली परिणामकारकता, असा अर्थ लावला. कमी विषारीपणा त्यात धरायचा का, हे मात्र खुलं ठेवलं.

मला इथे पेच दिसतो. ‘धरायचा नाही’ म्हटलं, तर रुग्णाचं दुखणं उपचाराच्या हिशेबात येतच नाही. ‘धरायचा’ म्हटलं, तर जुन्या रेणूला नवी पिशवी चढवून पुन्हा मक्तेदारी मिळवता येईल, आणि कमी त्रासाचं औषध ऐपतवाल्यांपुरतं उरेल. गरिबाने जास्त सोसून बरं व्हायचं, हा न्याय कुठला?

तरी माझं मत असं, की त्रास कमी होणं हा गुणच आहे. शरीर म्हणजे फक्त गाठ नव्हे. पण हा गुण माणसांवरच्या चाचण्यांतून सिद्ध व्हावा, आणि नव्याने आलेले त्रासही त्याच वहीत मांडले जावेत. राहिला किमतीचा प्रश्न. परवडणाऱ्या दरात औषध मिळत नसेल, तर त्याच कायद्यात सक्तीच्या परवान्याची तरतूद आहे. २०१२ साली सोराफेनिबसाठी ती वापरली गेली. किमतीचा अन्याय तिथे अडवावा. त्यासाठी वेदनेला किंमतच नाही असं म्हणायची गरज नाही.

संमतीचंही तसंच. २०१९ साली भारताने नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. पण संमतिपत्रावर सही करणाऱ्याला ‘नॅनो’ शब्दाचा दिपवणारा प्रकाश नको असतो. त्याला विचारायचं असतं : माझं काय वाचेल, काय दुखेल, आणि पैसे किती लागतील? या तिन्हींची उत्तरं एकत्र मिळाली, तरच ती संमती.