खापराचा वाटा

तळहातावर एक खापर आहे असं धरा. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ताम्रपाषाणयुगातलं गाव खणून काढलं, तिथलं. डोळे मिटू नका, हे मनन उघड्या डोळ्यांनीच करायचं आहे.

नखाने टिचकी मारा. तिथल्या जोर्वे संस्कृतीचं चांगलं भाजलेलं खापर खणखणीत वाजतं. हे कोणी घडवलं? ‘कुंभाराने’ हे उत्तर लगेच ओठांवर येईल. तिथे जरा थांबा. चाकावर भांड्याचा काठ किती पातळ होईल, हे बोटं ठरवतात की माती? बोटं दाबतात, माती ऐकते किंवा ढासळते, मग बोटांना बेत बदलावा लागतो. आता लाल रंगाकडे पाहा. भट्टीत हवा खेळती राहिली की मातीतलं लोह लाल होतं. हवा कोंडली की तीच माती काळवंडते. कुंभाराने हवेला वाट ठेवली, पुढचं लोहाने केलं.

जेन बेनेट, कॅरन बराड यांच्यासारखे नवभौतिकवादी विचारवंत हेच सांगतात. पदार्थ मुकाट्याने घडवून घेत नाहीत, घडण्यात त्यांचाही हात असतो. पुरातत्त्वाला हे पचवणं जड गेलं, कारण खापराला माणसांविषयी साक्ष देण्यापलीकडे काही काम असतं, हे तिथे फारसं कोणी धरत नव्हतं. मानववंशशास्त्रज्ञ टिम इंगोल्ड यांनी २००७च्या एका लेखात वाचकाला दगड भिजवून समोर ठेवायला सांगितलं. लेख वाचून होईपर्यंत दगड वाळतो आणि वेगळाच दिसू लागतो. (जाडजूड परिभाषेपेक्षा मला हा ओला दगड अधिक पटतो.)

आता नजर खापरावरून मातीकडे न्या. दख्खनची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. वरच्या थरातलं खापर भेगेतून खाली उतरतं आणि जुन्या थरात जाऊन बसतं. थर वाचणाऱ्याला हा घोटाळा वाटतो. पण क्षणभर मातीच्या बाजूने पाहा. सुमारे तीन हजार वर्षं ती दर वैशाखात उलत आली आहे. आपण खणतो ते गाव इसवीसनपूर्व १२००च्या आसपासचं आहे, आणि त्यानंतरच्या प्रत्येक उन्हाळ्याचंही.

इथवर मी निमूटपणे येतो. पुढे पाऊल अडतं.

इनामगावला लहान मुलं घराच्या जमिनीखाली पुरलेली सापडली. दोन रांजण आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवलेले, आत मूल. या दृश्यापाशी घाई करू नका. रांजणाचा पोकळ घेर, जमिनीचा मऊपणा, सगळ्यांचा वाटा मोजा. ‘सममित पुरातत्त्व’ नावाचा विचारप्रवाह म्हणतो, माणूस आणि वस्तू यांना सुरुवातीलाच वरखाली लावू नका. पद्धत म्हणून ठीक आहे. पण रांजणाचं मूल गेलेलं नव्हतं.

प्रौढांच्या काही सांगाड्यांना घोट्याखालचे पाय नाहीत. ते तोडून मग पुरलेलं आहे. हत्याराची धार, हाडाचा कठीणपणा यांचा हिशेब जरूर मांडा. पाय तोडायचं ठरलं ते कोणाच्या शब्दावरून, हे मात्र त्या हिशेबात येत नाही, आणि मला आधी तेच विचारायचं आहे.