गंमत कुणाची?

एखाद्या मुलाचा डबा रोज पळवला जातो, त्याच्या उंचीवरून किंवा बोलण्यावरून नाव पाडले जाते, आणि बाईंनी दटावले की चिडवणारे एका सुरात सांगतात, ‘‘बाई, आम्ही गंमत करत होतो.’’ या उत्तरापुढे भल्याभल्यांचा निरुपाय होतो. कारण मुले खरोखरच गंमतही करतात. ढकलाढकली करतात, चिडवतात आणि मधल्या सुट्टीत गळ्यात गळे घालून फिरतात. मस्ती आणि छळ वरून पाहणाऱ्याला पुष्कळदा सारखेच दिसतात. हा फरक ओळखायला मुलांना शिकवायचे असेल, तर घरातल्या किंवा शेजारच्या कुत्र्याइतका चांगला आधार दुसरा नाही, असे मला ठामपणे वाटते.

दोन कुत्री खेळताना नीट पाहावीत. पुढचे पाय जमिनीला टेकवून आणि मागचा भाग वर उचलून एक जण दुसऱ्याला खेळायला बोलावतो. मार्क बेकॉफ या अमेरिकी प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने या हालचालीचा अनेक वर्षे अभ्यास केला. जोरात चावण्यासारखे, समोरच्याचा गैरसमज होईल असे काही करण्याच्या आधी किंवा लगेच नंतर कुत्री ही खूण पुन्हा करतात, असे त्यांना आढळले. हे खेळातलेच आहे, अशी ती ग्वाही असते. धिप्पाड कुत्रा लहानग्यापुढे आपण होऊन उताणा पडतो. पाठलाग करणारा थोड्या वेळाने स्वतःच पुढे पळू लागतो. समोरचा केकाटला, तर चांगला खेळगडी तिथल्या तिथे थांबतो.

तरीही कधी कधी शंका येते. तेव्हा श्वान प्रशिक्षक एक साधी परीक्षा घेतात. वरचढ वाटणाऱ्या कुत्र्याला पट्ट्याला धरून क्षणभर बाजूला घेतात आणि दुसरा काय करतो ते पाहतात. (हे मोठ्या माणसाने करायचे, मुलाने कधीच नाही.) दुसरा उड्या मारत परत आला, तर तो खेळ होता. शेपूट पायांत घालून पलंगाखाली गेला, तर नव्हता. या परीक्षेत दांडगाई करणाऱ्याला ‘तुझ्या मनात काय होते’ असे कुणी विचारत नाही. निवाडा दुसऱ्याच्या वागण्यावरून होतो. आपल्या शाळा नेमके उलटे करतात. तिथे चिडवणाऱ्याचा खुलासा आधी ऐकला जातो आणि रडणाऱ्याला सांगितले जाते, ‘‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं!’’

सात-आठ वर्षांच्या मुलाला ही परीक्षा समजते आणि ती वर्गात लावताही येते. रोज चिडवणारा एखाद्या दिवशी आला नाही, तर ज्याला चिडवतात तो त्याची वाट पाहतो की सुटल्यासारखा बागडतो? एवढा प्रश्न विचारून पाहावा. चिडवणाऱ्या मुलालाही तो विचारता येतो, आणि ‘तू वाईट आहेस’ या शिक्क्यापेक्षा या प्रश्नाने तो मुलगा अधिक विचारात पडतो.

कुत्र्याकडून शिकण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे गुरगुरणे. त्याआधी तो मान फिरवतो, जिभल्या चाटतो, कान मागे घेतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो. कुणीच लक्ष दिले नाही, तर गुरगुरतो. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारू नये, असे जाणकार प्रशिक्षक बजावतात, कारण मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणे सोडतो आणि पुढच्या वेळी इशारा न देता चावतो. मुलांच्या बाबतीत आपण हा मार शब्दांनी देतो. ‘‘चाड्या सांगू नकोस’’, ‘‘मुलगा असून रडतोस?’’, ‘‘तूही एक ठेवून दे’’. चार वेळा असे ऐकलेले मूल पाचव्यांदा घरी काही सांगत नाही. मग पोट दुखते, शाळा नकोशी होते. अशा मुलाशी थेट बोलता येत नाही, पण घरातल्या मोत्या कुत्र्याबद्दल बोलता येते. मोत्या सोसायटीतल्या त्या मोठ्या कुत्र्याला पाहून कोपऱ्यात का जातो, त्याला कुणी मदत करावी, असे विचारले की मूल बोलू लागते, आणि बऱ्याचदा ते मोत्याबद्दल बोलत नसते.

मात्र प्राण्यांचे उदाहरण उलटेही वापरले जाते. ‘जंगलात बळी तो कान पिळी, मुलांनीही टक्केटोणपे खायला हवेत’ असे म्हणणारे पालक कमी नाहीत. या समजुतीला लांडग्यांच्या अभ्यासाने पूर्वी बळ दिले होते. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 साली बंदिस्त लांडग्यांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली, आणि वर्चस्वासाठी झगडणारा म्होरक्या लोकांच्या मनात ठसला. डेव्हिड मीच यांनी 1970 च्या आपल्या पुस्तकातून ती कल्पना पुढे नेली आणि 1999 साली स्वतःच तिला छेद दिला. रानातला कळप बहुधा आईबाप आणि त्यांच्या पिल्लांचे कुटुंब असतो, असे त्यांनी दाखवले. झगडा होता तो एकमेकांना अनोळखी लांडगे एका कुंपणात कोंडल्यावरचा. साठ-सत्तर मुले एका वर्गात कोंबून त्यांच्या भांडणांना निसर्गनियम म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

शिवाय कुत्र्याला दुसऱ्याची दया यावी, अशी अपेक्षा आपण धरत नाही. मुलाकडून धरतो, आणि धरायलाच हवी. छळाच्या संशोधनाचा पाया घालणारे डॅन ओल्वेयस यांनी तीन गोष्टींवर बोट ठेवले: दुखवण्याचा हेतू, पुनःपुन्हा घडणे आणि बळातली तफावत. या तफावतीमुळेच एकट्या मुलाला ‘तूच धीट हो’ म्हणणे अन्याय्य आहे. धिप्पाड कुत्र्याखाली सापडलेल्या पिल्लाला आपण धीट व्हायला सांगत नाही, त्याला सोडवतो. कॅनडातील हॉकिन्स, पेप्लर आणि क्रेग यांनी शाळांच्या मैदानांवर प्रत्यक्ष चित्रीकरण करून 2001 साली निष्कर्ष मांडले. छळाच्या 88 टक्के प्रसंगांत इतर मुले हजर होती, पण त्यांतले कुणी मध्ये पडले ते फक्त 19 टक्के प्रसंगांत. आणि मध्ये पडल्यावर निम्म्याहून अधिक वेळा छळ 10 सेकंदांत थांबला.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. ‘तुला कुणी त्रास दिला का’ हे जरूर विचारा, पण त्याबरोबर ‘आज कुणाला खेळायला घेतलं नाही, आणि तेव्हा तू कुठे होतास’ हेही विचारा. उत्तर मिळेपर्यंत रागावू नका.