गाव कोणते लिहायचे?



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या झरी जामणी तालुक्यात फायलींचे दिवस सुरू होतात. प्लॅस्टिकची फाईल काखेत धरून बाप आणि मुलगा सेतू केंद्रात, तेथून तलाठ्याकडे, तेथून तहसिलीत, आणि मग पुष्कळदा आमच्याकडे. अर्जातला अवघड रकाना गुणांचा नसतो, गावाचा असतो. मूळ गाव कोणते? वडील कोठले? १९५० साली आजोबा कोठे राहत होते?

पैनगंगेच्या आसऱ्याने राहणाऱ्यांना हा प्रश्न विशेष बोचतो. नदीच्या अलीकडे यवतमाळ, पलीकडे आदिलाबाद. कोलाम समाज दोन्ही तीरांवर आहे, कोलामी बोली दोन्हीकडे आहे, आणि महाराष्ट्र व तेलंगण या दोन्ही राज्यांच्या अनुसूचित जमातींच्या यादीत कोलाम हे नाव आहे. तरीही ज्याचे वडील पंधरा-वीस वर्षांपूर्वी आदिलाबादकडून मजुरीसाठी इकडे आले, त्या कोलाम मुलाला इथे राज्याच्या जमातीच्या कोट्यातून जागा मिळत नाही. जमातींची यादी ६ सप्टेंबर १९५० च्या आदेशाने लागू झाली आणि त्या दिवशी घराण्याचे बिऱ्हाड कोठे होते, ते पाहिले जाते. मुलगा भारताचा नागरिक आहे, अठरा वर्षांचा झाला की मत देईल. प्रवेशाच्या रांगेत मात्र परका ठरतो.

असाच एक मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आंध्रातील जमातीचा, वडिलांच्या नोकरीमुळे नऊ वर्षांचा असताना मुंबईत आलेला, मुंबईतच शिकलेला. त्याने सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात जमातीची जागा मागितली. १९९० साली निकाल त्याच्या विरुद्ध गेला. न्यायालयाचे म्हणणे आपण शांतपणे ऐकून घ्यावे असे आम्हांस वाटते. एखाद्या जमातीचे हाल त्या त्या राज्यातील परिस्थितीतून आलेले असतात. तेथील सवलत सोबत बांधून दुसऱ्या राज्यात नेली, तर तिथल्या मूळच्या जमातींचा वाटा कमी होतो. यात तथ्य आहे. आपल्याच तालुक्यातल्या पोडावरच्या मुलीचा वाटा मुंबईतल्या किंवा दुसऱ्या राज्यातल्या सुस्थितीतील घराने घ्यावा, असे आपल्यापैकी कोण म्हणेल?

पण पैनगंगा ओलांडली म्हणून कोलामाचे दारिद्र्य बदलते का? कायदा सर्वांना उद्देशून बोलतो, माणूस मात्र एकेकटा समोर येतो. अॅरिस्टॉटलने ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. सर्वसाधारण नियम जेथे तोकडा पडतो, तेथे नियम करणाऱ्याच्या मूळ हेतूकडे पाहून तो दुरुस्त करावा, असे तो म्हणतो, आणि संत थॉमस अक्विनास यांनी हा सद्गुणच मानला. गंमत अशी की नागरिक कोणाला म्हणावे याची चर्चा करणारा हा अॅरिस्टॉटल स्वतः अथेन्सचा नागरिक नव्हता. स्टॅगिरा गावाहून सतराव्या वर्षी शिकायला आला, प्लेटोच्या अकादमीत वीस वर्षे राहिला, पुढे त्याच शहरात स्वतःची शाळा काढली. पण तेथे जमीन विकत घेण्याचा हक्क त्याला नव्हता. अकादमीच्या दारात मूळ गावाचा दाखला मागितला असता तर तत्त्वज्ञानाचे काय झाले असते, कोण जाणे!

नियमात सवड काढता येते, हे शासनानेही दाखवले आहे. कर्नाटक सीमेवरील वादग्रस्त ८६५ गावांतील मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत वेगळी तरतूद आहे. तिच्यामागे मोठे आंदोलन होते. कोलामी बोलणाऱ्या मुलासाठी तितक्या जोराने कोण भांडणार?

आता खरा पेच. दलाल सांगतो, "इतके पैसे द्या, आजोबा इथलेच दाखवून देतो." आमच्याकडेही विनंती येते, "फादर, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर गाव जरा बदलून द्या." नियमच अन्यायाचा असेल तर खोट्या कागदात पाप कसले, असा युक्तिवाद असतो. पोराच्या भविष्यासाठी धडपडणाऱ्या बापाला नाही म्हणताना आमचाही जीव तुटतो. तरी आम्ही गाव बदलून देत नाही. २००० सालच्या राज्याच्या कायद्याने खोट्या जातदाखल्यावर मिळालेली पदवीसुद्धा रद्द होते, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच प्रकरणांत अशा कागदावर मिळवलेली जागा वा नोकरी राखता येणार नाही असे ठरवले, ही भीती आहेच. मात्र भीतीपेक्षा मोठे कारण पोडावरची ती मुलगी आहे. जागा मोजक्या असतात. खोट्या दाखल्याने एक जागा गेली की यादीत तिचे नाव एक पायरी खाली सरकते, आणि आपण कोणाचे काय घेतले हे आपल्याला कधी कळतही नाही. शिवाय त्या मुलाला जन्मभर खोटे गाव सांगावे लागेल, आपल्या आजोबांना नाकारावे लागेल.

नाही म्हणून दार लावून घेणे मात्र सोपे आहे. त्याने मुलगा शिकत नाही. मग खरे कागद जमवण्याचे काम आपल्यालाही वाटून घ्यावे लागेल.

रहिवासाचा दाखला आणि जमातीचा दाखला हे दोन वेगळे कागद आहेत. पुष्कळजण एक नाही म्हणून दुसराही सोडून देतात. महाराष्ट्रात पंधरा वर्षे वास्तव्य असेल तर रहिवासाचा दाखला मागता येतो. अभियांत्रिकीला दहावी-बारावी महाराष्ट्रात झालेली असेल आणि मुलाचा जन्म इथला असेल, तर राज्याच्या जागांसाठी तो पात्र ठरतो. वैद्यकीयसाठी दहावी व बारावी दोन्ही राज्यात होणे साधारणपणे आवश्यक आहे. तेव्हा मामाकडे राहून आदिलाबादला दहावी करावी की नाही, याचा विचार आठवीतच करा. आणि वडिलांच्या मूळ राज्याचा जमातीचा दाखला कुचकामी नसतो. केंद्राच्या संस्थांत, एनआयटीसारख्या ठिकाणी, तो चालतो. त्यासाठी वडिलांच्या जुन्या शाळेतला उतारा लागेल आणि कोणाला तरी दोन-तीन वेळा नदीपलीकडे खेटे घालावे लागतील. रोजंदारी बुडवून हे जमत नाही. ज्यांना तेलुगू वाचता येते आणि ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे, अशा तरुणांनी रविवारच्या मिस्सानंतर आम्हांला भेटावे. नववीतल्या मुलांच्या पालकांनीही फाईल घेऊन यावे, जून महिन्याची वाट पाहू नये.