दीड तासाचे अंतर

मुंबईहून नागपूर किती लांब, या प्रश्नाला आज निदान तीन उत्तरे आहेत. रेल्वेने ८३७ किलोमीटर. ठाणे जिल्ह्यातल्या आमणे गावापासून समृद्धी महामार्ग धरला तर ७०१. आणि आकाशातून सरळ रेघ ओढली तर सातशेहूनही थोडे कमी. परंतु लोक किलोमीटर सांगतच नाहीत, ‘दीड तास’ म्हणतात. हा दीड तास जरा निरखून पाहावा. जेट विमान वर गेल्यावर तासाला आठशे किलोमीटर सहज तोडते. म्हणजे खरी वाट तासाभराचीच. उरलेला वेळ धावपट्टी गाठण्यात, चढण्या-उतरण्यात आणि मुंबईवर गर्दी असली तर घिरट्या घालण्यात जातो. वेळापत्रक मोजते ते विमान जागचे हलल्यापासून दुसऱ्या जागी उभे राहीपर्यंत. घराच्या उंबरठ्याशी त्याला कर्तव्य नाही.

एवढा हिशेब मांडण्याचे कारण असे, की हा दीड तास अलीकडे पुराव्यासारखा पुढे केला जातो. नागपुरात वडील अंथरुणाला खिळले आणि मुंबईचा मुलगा महिनाभर फिरकला नाही, की नातलग म्हणतात, “दीड तासाची तर वाट!” आगगाडीच्या चौदा-पंधरा तासांना असे कुणी म्हणत नसे. तार जायची (ती तारही २०१३ साली बंद झाली), मुलगा येऊन पोचेपर्यंत पुतण्याने अग्नी दिलेला असायचा, आणि त्याबद्दल मुलाला कुणी बोल लावत नसे. आता प्रेत संध्याकाळच्या विमानाची वाट पाहत ठेवतात.

मराठीत दोन गावांमध्ये असते ते अंतर, दोन मनांत पडते तेही अंतर, आणि कुणाला वाऱ्यावर सोडणे म्हणजे त्याला ‘अंतर देणे’. पहिले अंतर मोठे होते तोवर हे शेवटचे त्याच्या आड खुशाल लपत असे. विमानाने तो आडोसा काढून घेतला.

मग पोचता येते म्हणून पोचलेच पाहिजे काय? पूर्व बंगालच्या निर्वासितांच्या निमित्ताने पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे मांडले, की मदत करणे शक्य असताना लांबपणाची सबब नीतीला चालत नाही. तर्काने मला हे पटते. पण तो प्रामुख्याने पैशाविषयी बोलत होता. उशाशी बसणे मनिऑर्डरीने पाठवता येत नाही. शिवाय दीड तास हे शहरांमधले अंतर नव्हेच, ते तिकीट काढणाऱ्याच्या खिशातले आहे. समजा, दोघे भाऊ मुंबईतच आहेत. थोरला कंपनीत अधिकारी, धाकटा दुकानात नोकर. थोरला सकाळी जाऊन रात्री परत येतो. धाकट्याची जाण्यायेण्यात दोन रात्री आणि निदान एका दिवसाची मजुरी जाते. कोण किती वेळा आला, एवढेच मोजणारे नातलग थोरल्याच्या घड्याळाने धाकट्यालाही मोजतात. हा मला उघड अन्याय वाटतो.

आणि खुद्द त्या म्हाताऱ्याचे काय? मुलगा दिवाळीला येणार, हे एकदा ठरले की पूर्वी मधले महिने बाप वाट पाहत नसे. आता मुलगा दीड तासावर आहे हे त्याला पक्के ठाऊक आहे. म्हणून तो रोज संध्याकाळी फाटकाच्या कडीकडे कान लावून बसतो.